पाडव्याची ओवाळणी आणि वर्षभराचा हिशोब

बारामती आणि इंदापूर तालुक्यात, गावात असो की वाडीवस्तीवर, आत्ता जिथं जिथं रेडिओ चालू आहे तिथल्या सगळ्यांना आमच्या बचत गटांकडून दिवाळीच्या शुभेच्छा. सण तोंडावर आलाय. चकलीची भाजणी दळून आली असेल, करंजीचं सारण झालं असेल. फराळावर बोलणाऱ्या पुष्कळ जणी आहेत, म्हणून आज आम्ही पाडव्यावर बोलणार आहोत. म्हणजे नवरा-बायकोच्या सणावर.

हल्ली 14 फेब्रुवारीचं कौतुक आपल्याकडच्या कॉलेजांतही पोचलंय. पण आपल्याकडं जोडप्याचे दिवस काय कमी आहेत का? लग्न झालं की जोडपं जेजुरीला जातं, नवरा नवरीला उचलून गडाच्या काही पायऱ्या चढतो. मग पहिली संक्रांत, हलव्याचे दागिने. ज्येष्ठात वटपौर्णिमा. पहिला दिवाळसण. आणि कार्तिक शुद्ध प्रतिपदेला पाडवा. बायको ओवाळते, नवरा ताटात ओवाळणी घालतो. ज्या घरात माया आहे तिथं हे दिवस वर्षभर पुरतात.

काही घरांत मात्र हेच दिवस जड जातात. दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीला काही जणी गप्प गप्प असतात. अंगावर नवी साडी असते, शेजारीण "नशीबवान आहेस बाई" म्हणते, आणि ही नुसती मान खाली घालते. अशा बायांचं आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलोय. नावं-गावं वेगळी, गोष्ट मात्र बरीचशी सारखी.

काही माणसांना सारखं आपणच मधोमध लागतं. कौतुक आपलं व्हावं, ऐकावं सगळ्यांनी आपलं, चूक मात्र कधीच आपली नसावी. समोरच्याला काय वाटतं हे त्यांच्या गावीही नसतं. आपण म्हणतो, लई मीपणा आहे. इंग्रजीत अशा माणसाला नार्सिसिस्ट म्हणतात. ग्रीक लोकांच्या एका जुन्या कथेत नार्सिसस नावाचा देखणा तरुण पाण्यात स्वतःचंच प्रतिबिंब बघून त्याच्या प्रेमात पडतो, त्यावरून हा शब्द आला. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं 1980 मध्ये आपल्या आजारांच्या यादीत या टोकाच्या स्वभावाची स्वतंत्र नोंद केली. आता कुणाला हा आजार आहे हे डॉक्टरनं ठरवायचं. आपण कुणाच्या नवऱ्याला शिक्का मारायचा नाही. पण वागणं ओळखायला डॉक्टर लागत नाही. आणि हे वागणं सणाला फार स्पष्ट दिसतं, कारण सण एकट्या त्याचा नसतो.

सणाच्या आधी काय होतं? दोन-चार दिवस अगोदर कशावरून तरी भांडण निघतं. चहा गार झाला, माहेरचा फोन लांबला, पोरगं रडलं. भांडण झालं की अबोला. मग सणाची तयारी करता करता ही त्याचीच मनधरणी करत बसते. साडी, ओवाळणी, आपली हौस, सगळं मागं राहतं. घरात एकच विषय उरतो, मालकांचा मूड.

सणाच्या दिवशी दोन तऱ्हा दिसतात. एक म्हणजे नुसताच अपमान. ओवाळायला उभं राहायचं आणि त्यानं मोबाइलमधून मान वर करायची नाही, किंवा सगळ्यांदेखत "हिला काय कळतंय" म्हणायचं. दुसरी तऱ्हा याच्या अगदी उलट. मोठा देखावा. पाहुण्यांसमोर सोन्याचं कानातलं ताटात टाकायचं, फोटो काढायचे, संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाच्या मोबाइलवर स्टेटस. पाहुणे गेले की बोलणं बंद. त्या कानातल्यात बायको कुठं असते? तिला खडा आवडतो की साधं, हे कुणी विचारलेलंच नसतं.

आणि दुसऱ्या दिवशी भाऊबीज. हे आम्ही इतक्या वेळा ऐकलंय की आता नवल वाटत नाही. पाडव्याला ठणठणीत असलेल्या माणसाचं भाऊबीजेला सकाळी डोकं दुखतं, नाहीतर गाडी बिघडते, नाहीतर ऐन वेळेला घरी पाहुणे बोलावले जातात. कारण त्या दिवशी हिला माहेरी मान असतो, भाऊ वाट बघत असतो. तो मान त्याला सोसत नाही. भावाची ओवाळणी दोन वर्षं चुकली, तीन वर्षं चुकली, की माहेरची वाट आपसूक बंद होते. अशा घरात पुढं सगळ्यात मोठं नुकसान इथंच होतं. मदतीला कुणी उरत नाही.

सणानंतर हिशोब सुरू होतो. "पाडव्याला सोनं घातलं तुला, विसरलीस का?" हे वाक्य शिमग्यापर्यंत ऐकावं लागतं. आणि इथं आमच्या कामाचा विषय येतो. कारण काही वेळा ते सोनं तिच्याच गटातून तिच्याच नावावर काढलेल्या कर्जाचं असतं.

आकडा मांडून बघू. समजा, गटातून 20,000 रुपये उचलले, व्याज महिन्याला 2 टक्के. दर महिन्याला 2,000 रुपये मुद्दल फेडली तर दहा हप्ते होतात आणि त्यात नुसतं व्याजच 2,200 रुपये जातं. म्हणजे श्रावण उजाडेपर्यंत ही बाई खुरपणीच्या मजुरीतून आणि दुधाच्या पगारातून स्वतःच्याच ओवाळणीचे हप्ते भरणार. वर गावात नाव त्याचं. हप्ता थकला तर बैठकीत मान खाली हिचीच.

इथं एक गोष्ट नीट समजून घेऊ या, नाहीतर चांगल्या माणसावर अन्याय होईल. ओवाळणी छोटी घातली म्हणून कुणी वाईट नसतो. आपल्याकडच्या पुष्कळ पुरुषांना प्रेम बोलून दाखवता येत नाही. कुणाकडं खरंच पैसे नसतात. गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्यातली पाळी सण बघत नाही. असा नवरा पाडवा विसरला आणि बायको म्हणाली, "मला वाईट वाटलं," तर तो ओशाळतो. चार दिवसांनी का होईना, काहीतरी करतो. दुसरा माणूस त्याच वाक्यावर उलटतो. "तुझंच काहीतरी चुकलं असेल, तुला समाधानच नाही, तूच सण नासवलास." फरक असा उत्तरात दिसतो. मात्र जिथं हात उगारला जातो तिथं हे असं विचारून बघायला जाऊ नका. तिथं आधी सुरक्षित राहणं महत्त्वाचं.

मग करायचं काय? एका सणावरून माणूस ठरवू नका, चांगलाही नाही आणि वाईटही नाही. वर्ष बघा. गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि हिशोबाच्या नोंदी. शेवटचं सूत्र घरालाही लावा. तारीख आणि एक ओळ, एवढंच लिहा. भाऊबीज, जाऊ दिलं नाही. संक्रांत, हळदी-कुंकवाच्या दिवशी भांडण. ही वही घरात ठेवू नका, विश्वासातल्या मैत्रिणीकडं ठेवा. वर्षानं वाचाल तेव्हा "माझंच चुकतंय का" या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच अक्षरात सापडेल.

गटांना आमची विनंती आहे की सणाच्या महिन्यात कर्जाचा अर्ज आला तर ते कशासाठी हवंय, हे त्या सभासदालाच बैठकीत विचारा. तिनं अडखळत, दुसऱ्याचं शिकवलेलं सांगितलं तर अर्ज पुढच्या बैठकीवर टाका. तिला घरी जाऊन "मी नाही म्हणाले" असं सांगायला लागू नये. "गटानं नाही म्हटलं," हे ती सांगू शकते. आपण दहा जणी एकत्र आहोत त्या याचसाठी.

माहेर सोडू नका. भाऊबीजेला जमलं नाही तर त्या आठवड्यात कधीतरी जा. भावांनीही बहीण आली नाही म्हणून रुसून बसू नये, स्वतः यावं.

आणि दोन गोष्टी कायद्याच्या. लग्नात किंवा सणाला बाईला मिळालेले दागिने हे तिचं स्त्रीधन आहे. ते तिच्या एकटीच्या मालकीचं असतं, हे सर्वोच्च न्यायालयानं 1985 मध्येच स्पष्ट केलंय. पाडव्याला घातलं आणि मार्चमध्ये तिला न विचारता गहाण टाकलं, हे चालणार नाही. दुसरं, कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा फक्त मारहाणीचा नाही. सतत घालूनपाडून बोलणं, मानसिक छळ आणि पैशाची अडवणूक हीसुद्धा त्यात हिंसाच धरली आहे. मदतीसाठी महिला हेल्पलाइन 181, तातडीला 112. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथं बाईला वकील मोफत मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. फोन करण्याआधी मोबाइल कोण बघतं याचा विचार करा, मैत्रिणीचा फोन वापरा.

कॉलेजातल्या, एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या आणि साखरपुडा झालेल्या मुलींनाही एवढंच सांगतो. महिनाभराच्या ओळखीत भेटींचा पाऊस पडला, तर पाऊस थांबल्यावर काय होतं ते बघा. "माझ्यासोबतचा फोटो का टाकला नाहीस, पासवर्ड का देत नाहीस," असं सुरू झालं तर ते गुलाबाचं फूल फार महाग पडेल.

हे ऐकणाऱ्या भावांनो, तुम्हालाही पाडव्याच्या शुभेच्छा. ताटात जमेल ते घाला, अगदी अकरा रुपये घाला, पण ओवाळताना तिच्याकडं बघा. दुसऱ्या दिवशी तिला वेळेवर भावाकडं सोडा. आणि घातलेलं परत मोजू नका.

मैत्रिणींनो, दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीला नक्की या. बोलावंसं वाटलं तर बोला, नाही वाटलं तर नुसत्या येऊन बसा. आम्ही आहोत. नमस्कार.