नॉर्मल ईसीजी आणि बाबांची फडफड
(मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेले भाषण)



आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. पण गेल्या हिवाळ्यात बाबा पुण्याहून मनामाला आले आणि मला हृदयाचा अभ्यास करावा लागला.

एका रात्री जेवताना ते म्हणाले, "छातीत कबूतर फडफडतंय रे." हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत फडफड थांबली. ईसीजी नॉर्मल! "गॅस असेल," म्हणून घरी पाठवलं. आम्हीही खूश.

आमच्या धंद्यात हे नेहमीचंच. क्लायंट तक्रार करतो आणि आपण बघायला गेलो की सिस्टीम झकास चालते. म्हणून बिघाड नव्हताच असं नाही. ईसीजी फक्त काही सेकंदांचा असतो. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी 24 तास होल्टर लावला आणि पहाटे बिघाड सापडला: एट्रियल फिब्रिलेशन.

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात निसर्गाने पेसमेकर बसवलाय. विश्रांती घेताना तो मिनिटाला साधारण 60 ते 100 संदेश देतो. या आजारात वरच्या कप्प्यांत मिनिटाला 350 हून जास्त विस्कळीत संदेश उठतात. कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरतात. मधली एक गाठ बरेच संदेश अडवते, म्हणून खालचे कप्पे तग धरतात. पण नाडी वेडीवाकडी चालते.

खरा धोका फडफडीचा नाही. थरथरत्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते, ती मेंदूत गेली की पक्षाघात. हा धोका सुमारे पाचपट वाढतो. म्हणून अनेकांना रक्त पातळ करणारं औषध देतात. "आता बरं वाटतंय," म्हणून बाबा ती गोळी बंद करणार होते! तसं मनाने करू नका. फडफड न जाणवताही हा आजार असू शकतो.

हा फक्त म्हाताऱ्यांचा आजार नाही. लहानपणी संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप खराब झाली असेल, तर तरुणपणीही तो गाठतो.

दिवाळीत आई-वडील येतील. त्यांच्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, दोन बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर नाडी बघा. लय अनियमित वाटली तर डॉक्टरांकडे न्या. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली तर थांबू नका, लगेच 999 फिरवा.

बाबा आता पुण्यात असतात. दर शुक्रवारी फोनवर तेच मला विचारतात, "तुझी नाडी बघितलीस का?"