शेवटचा गडी : जॉर्ज नेपिया

श्रोतेहो, रग्बी हा खेळ आपल्या खेडोपाडी फारसा खेळला जात नाही. तेव्हा तो कसा असतो, ते आधी सांगतो. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा गडी. चेंडू न सोललेल्या नारळासारखा लांबट. तो काखेत धरून पळायचे आणि समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. पळणाऱ्याला अडवतात कसे? हुतूतूत चढाई करणाऱ्याला कवळ घालतात ना, तसेच. मात्र इथे तो भरधाव येत असतो. सर्वांच्या मागे एकच गडी उभा असतो, त्याला फुलबॅक म्हणतात. पुढचे चौदा जण हुकले, की सारी भिस्त त्याच्यावर.

न्यूझीलंडचा जॉर्ज नेपिया हा असा शेवटचा गडी होता. त्याचा जन्म १९०५ सालचा, वैरोआ या गावचा. तो माओरी होता. गोरे लोक येण्यापूर्वीपासून त्या बेटांवर राहत असलेले, ते हे माओरी. १९२४ साली न्यूझीलंडचा संघ ब्रिटनला निघाला, तेव्हा नेपिया अवघा एकोणीस वर्षांचा होता. ब्रिटन, आयर्लंड आणि फ्रान्समध्ये संघाचे तीस सामने झाले. बाकीच्यांना अधूनमधून विसावा मिळाला. नेपिया मात्र तिसही सामने खेळला!

त्याचे धाडस कशात होते, ते पाहा. समोरचे सात-आठ धिप्पाड गडी चेंडू पायाने ढकलत घोळक्याने चालून येत. अशा वेळी चेंडूवर पडून त्यांच्याकडे पाठ करायची, अशी इतरांची रीत. नेपिया पाठ करीत नसे. तो सरळ त्यांच्या पायांत झेप घेई, चेंडू छातीशी धरी आणि त्या घोळक्यालाच रेटत मागे नेई. जानेवारी १९२५ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात त्याच्या संघातला एक गडी सुरुवातीलाच बाहेर काढला गेला. उरलेल्या चौदांनी सामना १७–११ असा जिंकला. त्या दौऱ्यात हा संघ एकदाही हरला नाही. लोक त्याला ‘अजिंक्य’ म्हणू लागले.

आता पुढची गोष्ट ऐका. १९२८ साली न्यूझीलंडचा संघ दक्षिण आफ्रिकेला जायचा होता. नेपिया तेव्हा ऐन भरात होता. पण त्याला घेतले नाही. का? तर तिथल्या गोऱ्यांना मैदानावर सावळा गडी नको होता. आणि न्यूझीलंडच्या रग्बी मंडळाने ती अट मुकाट्याने पाळली. समोरून चालून येणाऱ्या आठांना जो अडवी, त्याला घरच्याच लोकांनी बाहेर ठेवले.

नेपिया शेतकरी होता. मंदीच्या दिवसांत शेतीवर कर्ज चढले. १९३५ साली लंडनच्या एका संघाने त्याला पैसे देऊन बोलावले. तो गेला, कारण कर्ज फेडायचे होते. पण त्या काळी पैसे घेऊन रग्बी खेळणाऱ्याला जुन्या संघांची दारे बंद होत. ती दुसऱ्या महायुद्धानंतर उघडली, तेव्हा चाळिशी ओलांडलेला नेपिया पुन्हा मैदानात उतरला. १९५० साली त्याच्यासमोर एक संघ उभा ठाकला, त्याचा कप्तान होता त्याचाच मुलगा!

दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर माओरी खेळाडूंना नेले, ते थेट १९७० साली. आणि तेही तिथल्या सरकारने त्यांना ‘मानाचे गोरे’ ठरवल्यावर. न्यूझीलंडच्या रग्बी मंडळाने वगळलेल्या माओरी खेळाडूंची माफी मागितली २०१० साली. नेपिया १९८६ सालीच वारला होता.

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेच्या मैदानावर संघ निवडण्याचे काम तुमच्याकडे असते. कोणाचे आडनाव काय, कोण कुठल्या वस्तीतला, असे कोणी कानाशी येऊन सांगेल. तेव्हा मुलाचे पाय पाहा, हात पाहा, छाती पाहा. आणि दुसऱ्या गावाने आपल्या एखाद्या मुलाला नको म्हटले, तर त्याला घरी ठेवून बाकीचे पाठवू नका. संघ न्यायचा तर पुरा न्या, नाहीतर जाऊच नका.