झाकलेली जागा उघडून पाहा



कोयना-केरेच्या संगमावरच्या या पाटण गावात आज कातडीच्या कॅन्सरबद्दल बोलायचं ठरवून आलो आहे. ‘तो गोऱ्या लोकांचा आजार’ असं आपण सहज म्हणतो. त्यात थोडं तथ्य आहे. आपल्या कातडीतला रंग उन्हाचा मारा बराच अडवतो. म्हणून ऑस्ट्रेलियात हा आजार जितका दिसतो, त्या मानाने आपल्याकडे फार कमी. पण कमी म्हणजे नाही असं नव्हे. आणि आपल्याकडे तो पुष्कळदा उन्हाच्या जागी होत नाही, कपड्याखाली होतो.

हे जगापुढे मांडणाऱ्यांत आपलेच डॉ. वसंत रामजी खानोलकर होते. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करताना, 1945 साली, त्यांनी सहकाऱ्यासह ‘धोतराच्या कॅन्सर’ची नोंद केली. धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी आवळून बांधलं, की घाम, धूळ आणि घर्षण यांनी कातडी सोलवटते, भरते, पुन्हा सोलवटते. अशा कातडीत पुढे कॅन्सर होऊ शकतो. 2024 साली वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी साठी-सत्तरीच्या दोन स्त्रियांच्या कमरेवर हाच प्रकार नोंदवला. एकीचा आजार जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. जवळजवळ ऐंशी वर्षांनी तीच जखम, त्याच जागी!

इथल्याच मोरणा खोऱ्यातल्या एक मावशी खोकल्यासाठी माझ्याकडे आल्या होत्या. छाती तपासताना लुगड्याची गाठ सैल करायला सांगितली. कमरेला खोल करकोचा पडलेला, कातडी काळी-पांढरी झालेली, आणि उजव्या बाजूला कडा उचललेली रुपयाएवढी जखम. वर हळद लावलेली. म्हणाल्या, “दीड वरीस झालं. पण दुखत न्हाई, मग कुणाला दावायचं?” भातलावणीच्या दिवसांत ओलं लुगडं दिवसभर अंगावर, आणि जखम अशा ठिकाणी की दाखवायला लाज. तुकडा तपासायचा म्हटल्यावर मुंबईला माथाडी काम करणाऱ्या मुलाचा फोन आला, “सुरी लावू नका, पसरेल.” मी त्याला सांगितलं, आज इथेही सांगतो: तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो ही भीती निराधार आहे. पसरतो तो वाट बघण्याने. जखम वेळेत, भोवतालच्या चांगल्या कातडीसह काढली गेली. टाके काढायला आल्या तेव्हा मावशींनी विचारलं, “दुसऱ्या अंगाला बी असंच हुईल का? म्या काय बदलू?” जाणता रुग्ण म्हणतात तो हाच. त्याला शाळेचा दाखला लागत नाही.

उत्तर साधं आहे. गाठ रोज थोडी वर-खाली बांधा. परकराला बारीक सुतळीसारख्या नाडीऐवजी रुंद, मऊ पट्टी घाला. ओलं नेसूचं लवकर बदला. करदोटा रुतत असेल तर सैल करा. भाजल्याच्या जुन्या वणावर पुन्हा जखम झाली तर दुर्लक्ष करू नका. तळपायावरचा वाढत जाणारा काळा डाग, नखातली रुंद होत जाणारी काळी रेघ लगेच दाखवा. आपल्याकडे मेलॅनोमा पुष्कळदा पायालाच होतो. चामखिळीला चुना-सोडा लावून जाळू नका. ज्यांच्या कातडीत जन्मतःच रंग नाही, त्यांनी मात्र उन्हापासून जपलंच पाहिजे: पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी. आणि सर्वांसाठी एक नियम: महिनाभरात न भरलेली जखम मलमावर ठेवायची नाही, तपासून घ्यायची.

आता आपल्या, डॉक्टर-परिचारिकांच्या, बाजूचं. रुग्णाने विचारावं असं आपण म्हणतो, पण आपण त्याला बसायला सांगतो का? आजाराचं नाव, उपचाराचे पर्याय आणि खर्च जाणून घेणं हा त्याचा हक्क आहे. कागदपत्रं मागितली तर 72 तासांत द्यावीत, असं 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेत लिहिलं आहे. 2021 च्या सुधारित नियमांनुसार महाराष्ट्रातल्या खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. ती भिंतीवर टांगून भागणार नाही. मावशींच्या बोलीत आपल्या तोंडी आली पाहिजे.

आशाताईंना विशेष विनंती. जी जखम बाई डॉक्टरला दाखवत नाही, ती तुम्हाला दाखवते. पुढच्या घरभेटीत रक्तदाबाबरोबर एवढंच विचारा, “कमरेला, पायाला, जुन्या वणावर काही न भरणारं आहे का?” आणि असेल तर त्याच आठवड्यात त्यांना घेऊन या. तपासायला आम्ही बसलो आहोत.