पुसली की गेली?

आज बोलायचंय आपल्या बीड जिल्ह्यातल्या परळीच्या राखेबद्दल.

माझी मावशी परळीच्या बाजूला एका खेड्यात राहते. सकाळी उठली की आधी ओसरी पुसते, दुपारी परत एकदा. रस्त्यावरून राखेचे टिपर जातात. ताडपत्री कधी असते, कधी नसते. "पुसली की गेली बघ," असं ती म्हणते.

परळीच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच १९७१ सालचा. आपल्याकडच्या कोळशात राखच फार, शंभर किलो जाळला तर तीस-चाळीस किलो उरते. ती तळ्यात जाते, वीटभट्ट्यांना जाते, सिमेंटला जाते. तळं सुकलं आणि वारा सुटला की उडते.

आता गंमत बघा. डोळ्याला दिसते ती राख त्यातल्या त्यात बरी. ती बरीचशी नाका-घशातच अडकते. खरी भानगड आहे पीएम २.५ ची, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहूनही बारीक कण. राखेचा बारीक अंश, चिमणीचा, भट्टीचा, डिझेलचा धूर, सगळ्यात ते असतात. ते थेट फुफ्फुसाच्या टोकाच्या पिशव्यांपर्यंत जातात. तिथे सूज येते, वर्षानुवर्षं राहते आणि रक्तवाहिन्यांनाही बाधते. म्हणून अशा हवेने माणूस नुसता खोकत नाही, त्याला हार्ट अटॅक येतो, पक्षाघात होतो. (हे मलाही फार उशिरा कळलं.)

अमेरिकेत सहा शहरांतल्या आठ हजारांवर लोकांवर १४ ते १६ वर्षं नजर ठेवली होती. १९९३ साली निकाल आला. सिगारेटचा हिशोब वेगळा काढूनही, सगळ्यात घाण हवेच्या शहरात मृत्यूचं प्रमाण सगळ्यात स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्के जास्त निघालं.

गेल्या वर्षापासून मावशीला जिना चढताना धाप लागते. डॉक्टरांनी विचारलं, चुलीवर स्वयंपाक करता का? तंबाखू? दोन्ही नाही. राहता कुठे, हे कुणी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. तिच्या लेखी राख म्हणजे घाण, आजार नव्हे. तिची धाप राखेनेच लागते, असं मी छातीठोक म्हणणार नाही. एका माणसाबाबत ते सांगताच येत नाही, हजारांत दिसतं. पण डॉक्टरांना माहीत तरी हवं ना?

सोमवारी तिला अंबाजोगाईला नेतोय, नळीत फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजतात त्या तपासणीला. म्हटलं, "मावशे, या वेळी ओसरीचं सांग."

ती हसायलाच लागली. "डॉक्टरला ओसरीचं काय सांगू रे?"