मुक्या वेदनेचे रक्षण



तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. हे दोष बहुधा गोठ्यातील मुक्या जनावरांच्या उदाहरणाने समजावले जातात. परंतु बौद्धिक दिव्यांग वा स्वमग्न व्यक्तीचा सांभाळ करणाऱ्याच्या हातूनही ते घडू शकतात. खोलीत कोंडून ठेवणे हा बंध; हट्ट मोडण्यासाठी मारणे हा वध; अंथरूण ओले होऊ नये म्हणून पाणी न देणे हा अन्नपाननिरोध.

अशा व्यक्तीला पुष्कळदा आपले दुःख सांगता येत नाही. सांगितलेच, तर त्यावर विश्वास ठेवला जात नाही. शिवाय रोजचा घास त्याच हातून मिळत असतो.

२०१० मध्ये ठाणे जिल्ह्यातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या वसतिगृहाची दैना वृत्तपत्रांतून पुढे आली. मुंबई उच्च न्यायालयाने दखल घेतली आणि राज्यातील अशा संस्थांची तपासणी सुरू झाली. त्यातूनच २०११ मध्ये नवी मुंबईतील कळंबोलीच्या एका आश्रमातील मुलींवरील अत्याचार उघडकीस आले. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने संस्थाचालकास दोषी ठरविले. बाहेरचे कोणी पाहावयास गेले, म्हणूनच सत्य बाहेर आले.

२०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम ७ प्रमाणे अत्याचाराची शंका येणारी कोणतीही व्यक्ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांस कळवू शकते. ताब्यातील दिव्यांगास जाणूनबुजून अन्नपाणी नाकारणाऱ्यास कलम ९२ नुसार सहा महिने ते पाच वर्षे कारावास व दंड होऊ शकतो. शास्त्राने ज्याला अतिचार म्हटले, तोच आज कायद्याने अपराध ठरला आहे.

तथापि, सांभाळणारा प्रत्येक हात क्रूर नसतो. कित्येकदा तो थकलेला असतो. वर्षानुवर्षे एकटीने झिजणाऱ्या मातेला आठवड्यातून काही तास विसावा देणे, हेही अहिंसेचेच पालन होय. संघातील दोन-दोन जणांनी अशा घरी नियमित जावे, संस्थेतील मुलाला पूर्वसूचना न देता भेटावे. अंगावरचे वळ, अचानक घटलेले वजन, विशिष्ट व्यक्ती दिसताच होणारा थरकाप यांकडे दुर्लक्ष करू नये. मुलालाही आपल्या शरीराच्या अवयवांची नावे आणि 'नको' म्हणणे शिकवावे.

मुंगी वाचविण्यासाठी जपून पाऊल टाकणाऱ्या समाजाने बंद दारासमोर क्षणभर थांबून आतली चाहूलही घ्यावी.