आयसीयूतून घरी आल्यावर
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या आरोग्यविषयक भाषणाचा मजकूर)



आम्ही शासकीय रुग्णालयातले नर्सिंग कर्मचारी. डॉक्टर नव्हे, डिप्लोमावाले. भाषणाची सवय नाही, तेव्हा वॉर्डात जे पाहिलं तेवढंच सांगतो.

पेशंट आयसीयूतून जिवंत बाहेर गेला की आपलं काम फत्ते, असं आम्ही बरीच वर्षं मानत आलो. मग आपल्याच समाजातले एक काका, निमोनियामुळे बारा दिवस व्हेंटिलेटरवर राहिलेले, चार महिन्यांनी काकूंबरोबर भेटायला आले. आम्हाला वाटलं, पेढे घेऊन आले! काकांना जिना चढवत नव्हता. जन्मभर हिशेब केलेला माणूस, पण बँकेची स्लिप भरता येईना. रात्री ओरडत उठायचे. काकू म्हणाल्या, "ते म्हणतात, तिथे चोरांनी मला बांधून ठेवलं होतं."

ते चोर म्हणजे आम्ही. नळी ओढू नये म्हणून हात आम्हीच बांधले होते.

या त्रासाला 'पोस्ट इन्टेन्सिव्ह केअर सिंड्रोम' म्हणतात. २०१२ पासून हे नाव रूढ झालं. अंगातली ताकद, स्मरणशक्ती आणि मन, तिन्ही खचतात. काळजी घेणारे घरचेही खचतात.

पुढे आम्हाला प्रशिक्षण मिळालं. शिकलो ते जुन्या सवयींच्या उलट होतं. गुंगीचं औषध शक्य असेल तिथे रोज थांबवून पेशंटला जागं करून पाहायचं, आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की नळीसकट बसवायचं, हातपाय हलवायचे. आम्हाला धडकीच भरली होती. पण २००९ साली अमेरिकेतल्या १०४ पेशंटांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला होता. लवकर व्यायाम सुरू केलेल्यांपैकी ५९ टक्के लोक घरी जाताना आपलं आपण चालू, आंघोळ करू शकत होते. बाकीच्यांत ३५ टक्के. अर्थात रात्रपाळीला माणसं कमी असली, तर शिकलेलं कागदावरच राहतं, हेही खरं.

दुसरी गोष्ट डिलिरियमची. आपल्या आज्या 'वात झाला' म्हणायच्या, तेच. तो ओळखायला सोपी चाचणी आहे. ठरलेलं अक्षर ऐकू आलं की हात दाबायचा. मग प्रश्न, दगड पाण्यावर तरंगतो का? आता गंमत बघा. काकांचं कानाचं मशीन घरी कपाटात आणि चष्मा काकूंच्या पर्समध्ये. तापात ते फक्त मराठी बोलत होते, आणि आमच्या केरळच्या सिस्टरला वाटलं, बडबडताहेत. ते पाणी मागत होते. आज त्याच सिस्टर "काका, आज मंगळवार, सकाळ झाली" असं छान मराठीत सांगतात.

म्हणून घरच्यांना विनंती, चष्मा, कवळी, कानाचं मशीन आमच्याकडे आणून द्या. पेशंट कोणत्या भाषेत बोलतो, घरी त्याला काय म्हणून हाक मारतात, हेही सांगा. भेटीच्या वेळी रडत उभे राहू नका, हात धरून घरचं काहीबाही बोला.

काही देशांत नर्स पेशंटच्या उशाशी वही ठेवतात. आज काय झालं, कोण भेटून गेलं, ते रोज लिहितात. काकांसाठी अशी वही नव्हती. आम्ही जुनी फाईल काढली आणि बारा दिवस एकेक करून त्यांना सांगितले. ते मान खाली घालून ऐकत होते.

"म्हणजे नळी मी ओढली होती?"

"हो काका, दोनदा."

काकू पहिल्यांदा हसल्या.