पांढरीची माती



मी सॉफ्टवेअरवाली, पण आज बोलणार आहे मातीबद्दल. हुडकेश्वरचं आमचं मातीचं घर तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. दिवाळीआधी आजी पांढऱ्या मातीनं भिंती पोतारायची. नोकरी लागल्यावर मी पहिलं काम केलं ते त्या भिंतींना सिमेंटचं प्लास्टर करून घेण्याचं. आजीला म्हटलं, "आता तुझी कटकट संपली." तिसऱ्या पावसाळ्यात मागची भिंत फुगली आणि बसली. नशीब, आत कोणी नव्हतं. आजी एवढंच म्हणाली, "बाई, तिचा जीव गुदमरला."

आजीचं खरं होतं. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते. मातीचा लेप ती बाहेर सोडतो, सिमेंट ती आतच कोंडतं. आणि भिजलेली माती भार पेलत नाही. इंजिनिअरिंगची पदवी असून हे मला भिंत पडल्यावर कळलं.

मग या विषयावर वाचू लागले आणि पुस्तकांतून डॉ. शां. भा. देव भेटले. नागपूर विद्यापीठात शिकवलेले हे पुरातत्त्वज्ञ. आपल्याकडे जुन्या वस्तीच्या टेकाडाला 'पांढरी' म्हणतात. घराच्या भिंतींसाठी लोक माती तिथूनच आणत. देवसरांनी विदर्भातल्या अशा जागा वाचण्यात उमेदीची वर्षं घातली. टाकळघाट-खापा झालं, माहुरझरी झालं. १९६९-७० मध्ये पवनीला विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केलं, ते देवसर आणि जगत्पती जोशी यांनी. जगन्नाथ टेकडीखाली प्राचीन स्तूप निघाला. पुढे नायकुंडला अरविंद जामखेडकरांसोबतच्या उत्खननात लोखंड गाळायची मातीची भट्टी सापडली, सुमारे २७०० वर्षांपूर्वीची.

मला थक्क केलं ते वेगळ्याच गोष्टीनं. जमिनीखाली शेकडो वर्षं टिकलेली मातीची भिंत उघडी पडली की एखाद्या पावसाळ्यातच विरघळू लागते. म्हणून पुरातत्त्वज्ञ मोजमाप घेतात, नकाशे काढतात, फोटो घेतात आणि बहुतेक वेळा खड्डा पुन्हा मातीनं भरून टाकतात. इतक्या कष्टानं शोधलेलं स्वतःच्या हातानं झाकायचं! मातीचं जतन असंच असतं. आमच्या कामातही नवं लिहिणाऱ्याचं कौतुक होतं, जुनं सांभाळणारा कोणाला दिसत नाही. आजीही मला तेव्हा दिसली नव्हती.

एक विनंती. गावाकडे कोणाचं मातीचं घर उरलं असेल तर त्याला सिमेंट लावू नका. छप्पर धड ठेवा, पायथ्याशी पाणी साचू देऊ नका, भेगा त्याच मातीनं बुजवा आणि दरवर्षी एकदा हात फिरवा.

आणि पवनी काही लांब नाही. आपल्या उमरेड रोडनंच जायचं, भिवापूरच्या पुढे. तीन बाजूंना मातीचा जुना तट आणि खंदक, चौथीकडे वैनगंगा. पुढच्या हिवाळ्यात सगळे मिळून जाऊ. डबा माझ्याकडे लागला.